कनेरगाव नाका : पहाटेच्या पावलांनी

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना, पैनगंगेच्या परिसरात कनेरगाव नाका हे गाव लागते. मोटारीने जाणाऱ्याला ते दोन-चार मिनिटांचे गाव वाटते. दुकानांची रांग, चहाची हॉटेले, एसटीची वाट पाहणारी माणसे, की संपले. अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे हे एक स्थानकही आहे; पण आगगाडीच्या खिडकीतूनही गाव असेच निसटते. ज्याला ते खरोखर पाहायचे असेल त्याने पहाटे महामार्ग सोडावा आणि शेतांमधल्या पाणंदीने धावत निघावे.

नाका हा शब्द व्यापाऱ्यांच्या कानाला परिचयाचा. जिथे माल थांबतो, जकात मोजली जाते, ती जागा. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर पैनगंगा ही दोन राजवटींमधली सीमा झाली. अलीकडे निजामाचे राज्य आणि त्याचे करोडगिरी खाते. पलीकडे इंग्रजी अंमल. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया, आणि हिशेब साधारणतः सात हालीला सहा कलदार असा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यात आले. आज ही सीमा हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्ह्यांपुरती उरली आहे. पहाटे धावणाऱ्याला तिथे कोणी अडवत नाही.

अडवतात ते गावकरी, आणि तेही आपुलकीने. खेड्यातली पावले कामासाठी पडतात : दुधाच्या किटल्या पोहोचवायला, रात्री वीज आली म्हणून पाणी द्यायला, खुरपणीला. तिथे विनाकारण पळणारा मनुष्य दिसला की प्रथम काळजीच वाटते. “काय झालं भाऊ, काही अडचण हाय का?” हा पहिला प्रश्न. केवळ प्रकृतीसाठी पळणे चालले आहे, हे कळल्यावर थोडे हसू, मग “गाव कोणतं?” आणि लगोलग “चला, चहा घ्या.” धावणारा येथे आपोआप चालू लागतो, कारण संवादाची गती पावलांचीच असते. आपल्या समाजाला हे निराळे सांगायला नको. चातुर्मास सोडून आठ महिने पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना गावोगावची माणसे जशी ठाऊक असतात, तशी ती वाहनातून हिंडणाऱ्याला क्वचितच कळतात.

माघ-फाल्गुनात या भागातील पहाटेला हळदीचा वास असतो. मे-जूनमध्ये लावलेले बेणे आठ-नऊ महिन्यांनी काढणीला येते. पाला कापायचा, कंद खणायचे, माती झाडायची, मोठ्या कढईत किंवा कुकरमध्ये शिजवायचे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे आणि मग ड्रममध्ये पॉलिश करायचे. पाच क्विंटल ओल्या हळदीतून सुमारे एक क्विंटल वाळलेली हळद हाती लागते. वाळवणाच्या दिवसांत एक अवकाळी सर आली तर रंग जातो आणि रंगाबरोबर भावही जातो. ही सारी जोखीम शेतकऱ्याच्या अंगणात असते. आडतीवर पोहोचते ती केवळ पिवळीधमक हळकुंडे.

व्यापारी घराण्यांतील मागच्या पिढ्या गाठोडी बांधून, बैलगाडीने वा पायी आठवडी बाजार करीत. कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी लग्न आहे, हे त्यांना खातेवही न उघडता माहीत असे. उधारी त्या ओळखीवर चाले आणि बहुतेक वेळा वसूलही होई. आजच्या तरुण व्यापाऱ्याच्या हातातील मोबाइलवर सांगलीचा, निजामाबादचा भाव क्षणात येतो. मात्र ज्याच्याकडून माल येतो त्याचे अंगण त्याने पाहिलेले नसते. त्याला धावण्याची हौस असेल तर ती शहरातल्या मैदानापुरती राहू नये.

कारण शिजणाऱ्या कढईपाशी बसलेला म्हातारा, पाहुणा व्यापारी घरचा आहे असे कळताच, हमखास विचारतो, “शेठ, आज हळदीचा भाव काय?” हाच प्रश्न मार्केट यार्डातही रोज कानावर पडतो आणि तिथे उत्तर चटकन दिले जाते. कढईच्या वाफेत उभे राहून, रात्रभर जागलेल्या त्या डोळ्यांकडे पाहत, भाव सांगायला जरा वेळ लागतो. तो वेळ लागावा, यासाठी तरी एखादी पहाट कनेरगाव नाक्यावर काढावी.