हात लावण्याआधी

वैद्यकीय विद्यार्थ्याला रुग्णाची हिस्ट्री घ्यायला शिकवणे आणि शरीर तपासायला शिकवणे या दोन गोष्टी वेळापत्रकात एकाच रकान्यात येतात, पण एका वेगाने शिकवता येत नाहीत. पोट कसे दाबायचे, छातीवर कुठे ठोकायचे, हे काही आठवड्यांत हाताला वळण लागून जमते. विचारपूस जमायला काही वर्षे जातात, आणि तपासणीत काय शोधायचे हे त्या विचारपुशीवरच ठरते. ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत नुसत्या हकिकतीवरून बांधलेले निदान शेवटपर्यंत टिकले. शारीरिक तपासणीचा उपयोग ७ जणांना झाला, प्रयोगशाळेचा आणखी ७ जणांना. नंतरच्या काळात सोनोग्राफी, सीटी, एमआरआय गल्लोगल्ली आले. तरी कोणता तपास कुणाला सांगायचा हे ठरवायला आजही ती हकिकतच लागते.

पनवेल परिसरात हे शिकवणे विशेष अवघड आहे आणि त्यामुळेच विशेष फलदायी. कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा कामोठे, कळंबोली, खारघर, तळोजा हे सारे तिच्यात आले. एका सकाळच्या ओपीडीत तळोजा एमआयडीसीतला कामगार, कळंबोलीचा ट्रकचालक, खारघरच्या टॉवरमधले निवृत्त बँक अधिकारी, उरणकडच्या कोळी आजी आणि डोंगरपायथ्याच्या कातकरी वाडीतली बाळंतीण ओळीने बसलेली असू शकतात. समोरचे विद्यार्थी देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेले. काहींना मराठी ऐकून समजते, बोलता येत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवायची तरतूद आहे, आणि संवाद व नीतिमत्ता यांसाठी वेगळा पाठ आहे. त्या वर्गात ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ एवढे वाक्य पाठ होते. त्यावर रुग्ण जे उत्तर देतो, ते मात्र वॉर्डातच शिकावे लागते. आगरी आजोबा डॉक्टरला सहज एकेरीत बोलतात, त्यात अनादर नसतो, हेही तिथेच कळते. विद्यार्थ्याने मात्र आजी, काका, मावशी म्हणून अहोजाहो करणेच बरे.

हिस्ट्रीचा साचा ठरलेला आहे: मुख्य तक्रार, सध्याच्या आजाराची हकिकत, पूर्वीचे आजार, घरातले आजार, सवयी, व्यवसाय, स्त्रियांच्या बाबतीत पाळी आणि बाळंतपणे. साचा वाईट नाही. घाबरलेल्या नवशिक्याला त्याचा आधार असतो. घोटाळा होतो तो विद्यार्थी हा साचा वरून खाली वाचून दाखवू लागला की. खोकला आहे का, नाही; ताप आहे का, नाही; उलटी आहे का, नाही. दहा मिनिटांत वही भरते आणि रुग्णाला काय झाले आहे ते त्या वहीत कुठेच नसते. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्ण संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत असल्याचे आढळले. यावर एक साधा उपाय चांगला चालतो: पहिली दोन मिनिटे पेन खिशात. ‘पहिल्यापासून सांगा’ एवढे म्हणायचे आणि ऐकायचे. कागदावर पहिली ओळ लिहायची ती रुग्णाच्या शब्दांत. ‘दम लागतो’ असे तो म्हणाला तर तसेच लिहायचे. त्याला शास्त्रीय नाव द्यायची घाई केली की विद्यार्थी पुढचे प्रश्न त्या नावाला विचारू लागतो, माणसाला नाही.

दुसरी अडचण काळाची. साच्यात ‘किती दिवसांपासून’ हा प्रश्न असतो, आणि गावाकडचा रुग्ण उत्तर देतो ते सणांनी आणि शेतीने. लावणी चालू होती तेव्हापासून, गौरी-गणपतीच्या आधी, शिमग्याला पहिल्यांदा रक्त पडले. शहरी विद्यार्थ्याला हे अडाणीपणाचे वाटते आणि तो वैतागून ‘दोन महिने’ असे काहीतरी लिहून मोकळा होतो. खरे तर हे उत्तर नुसत्या आकड्यापेक्षा भरवशाचे असते, कारण आकडा रुग्ण अंदाजाने सांगतो, सण आठवून सांगतो. पंचांग लावले की झाले. शिवाय सणासोबत कामही येते. जुलैत ताप घेऊन आलेला माणूस ‘लावणीच्या वेळी’ म्हणतो, तेव्हा तो चिखलात अनवाणी उभा होता हेही सांगत असतो. पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: पोटऱ्या दुखतात का? डोळे लाल झाले होते का? लघवी कमी होते का? लेप्टोस्पायरोसिसची शंका तिथे येते, रक्ताचा रिपोर्ट येण्याच्या खूप आधी. मग विद्यार्थ्याला पांघरूण बाजूला करून पोटऱ्या दाबायला सांगायचे. हलक्या दाबानेही तो माणूस पाय आखडून घेतो. डोळे लाल असतात, पण चिपडे नसतात. ही खूण ज्याने शंका घेऊन शोधली, तो ती सहसा विसरत नाही. साच्याप्रमाणे तपासणाऱ्याचा हात पोटऱ्यांपर्यंत जातच नाही.

व्यवसायाचा प्रश्न तर बहुतेक वह्यांमध्ये एका शब्दात संपतो: मजुरी. कसली मजुरी? पनवेल तालुक्यात दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत. तिथे काही वर्षे काढलेल्या माणसाचा खोकला क्षयाचा असेल, सिलिकोसिसचा असेल किंवा दोन्हींचा. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; क्षयाच्या गोळ्या ‘मध्येच सोडल्या’ असा शेरा मारण्याआधी त्या महिन्यांत माणूस कुठे होता हे विचारावे लागते. सवयींचेही तसेच. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बाई ठामपणे नाही म्हणते आणि ते खरेच असते, कारण ती मिश्री लावते आणि मिश्री हा तिच्या लेखी दात घासण्याचा प्रकार आहे. प्रश्न तिच्या घरातला असेल तर उत्तर मिळते.

नीट विचारून आणि नीट बघून काय साधते, याचे मोठे उदाहरण याच रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसे, त्यांत लहान मुले पुष्कळ, फुफ्फुसांत पाणी होऊन दगावत. हाताशी यंत्रे जवळजवळ नव्हती. त्यांनी एकेका रुग्णाशेजारी बसून क्रम नोंदवला: आधी उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, पुरुष रुग्णांत लिंगाला ताठरता, मग नाडी आणि रक्तदाबातले बदल, आणि त्यानंतर हृदयाचे कोलमडणे. या पूर्वसूचनांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, प्राझोसिन या स्वस्त गोळीच्या उपयोगावरचा १९८६ साली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांना ही गोष्ट प्रेरणेसाठी सांगितली जाते, तशी ती सांगून फारसे हाती लागत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे: गार पडलेला हात हातात धरून ‘हे कितव्या तासाला झाले?’ असे विचारणे हे संशोधन असू शकते, एवढे तिच्यातून दाखवता येते.

तपासणीचा क्रम पुस्तकांनी बांधून दिला आहे: पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे. ठोकून पाहण्याची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगरने १७६१ साली पुस्तकात मांडली. स्टेथोस्कोप पॅरिसच्या लाएनेकने १८१६ साली कागदाच्या गुंडाळीतून काढला. विद्यार्थी मात्र क्रम उलटा लावतो. गळ्यात स्टेथोस्कोप आला की त्याला पहिल्यांदा तोच लावायचा असतो, आणि पाहणे ही पायरी तो दोन सेकंदांत उरकतो. पाहण्यासाठी उजेड लागतो. पावसाळी दुपारी ट्यूबलाइटखाली फिकट कावीळ दिसत नाही. रुग्णाला खिडकीशी नेऊन, वरची पापणी उचलून, खाली बघायला सांगितले की डोळ्याच्या पांढऱ्यावर पिवळी झाक दिसते. पांडुरता पाहायला खालची पापणी, जीभ, तळवे, नखे. मेंदी असेल तर नखांवर विसंबू नये.

चाचपणीत सगळ्यांत जास्त वेळ पोटावर द्यावा. रुग्णाचे गुडघे थोडे दुमडलेले, तपासणाऱ्याची बैठक खाटेच्या उजवीकडे, कोपर पोटाच्या पातळीवर, हात गरम. दुखणारी जागा शेवटी. बोटे खुपसायची नाहीत. हात सपाट ठेवायचा आणि श्वास आत घेताना प्लीहा किंवा यकृत खाली येऊन बोटाला लागू द्यायचे. प्लीहा शोधायला उजव्या ओटीपासून सुरुवात करायची, कारण फार वाढलेली प्लीहा तिथपर्यंत पोचते. जो थेट डाव्या बरगडीखाली हात घालतो, तो तिच्या पाठीवरच हात ठेवून ‘काही लागत नाही’ म्हणतो. हे सगळे करताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. दुखले ते चेहऱ्यावर आधी दिसते. ठोकण्याचे तंत्र मनगटाचे आहे, कोपराचे नाही, आणि मधल्या बोटाचे नख कापलेले असावे. बाकी सराव टेबलावर केला तरी चालतो.

मज्जातंतू चाचपणे हल्ली फार कमी शिकवले जाते, आणि पनवेलमध्ये तरी ते शिकवायलाच हवे. नेरे इथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे काम कित्येक दशके चालू आहे. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या उंचवट्यामागे, मानेच्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतू बोटाखाली येतो. दोन्ही बाजू ताडून पाहायच्या, एकीकडे दोरीसारखा जाड आणि दुखरा लागतो का. फिकट चट्ट्यावर संवेदना तपासताना आधी रुग्णाला उघड्या डोळ्यांनी स्पर्श कसा होईल ते दाखवायचे, मग डोळे मिटायला सांगून बोटाने जागा दाखवायला लावायची. ‘लागतंय का?’ असे विचारू नये. मिटल्या डोळ्यांनीही माणूस डॉक्टरला खूश करायला हो म्हणतो.

शिकवण्याच्या रुग्णालयांत एक जुनी खोड आहे. ‘चांगले फाइंडिंग’ असलेला रुग्ण सापडला की बातमी हॉस्टेलभर होते आणि दुपारपर्यंत वीस जण त्याची प्लीहा दाबून जातात. परवानगी विचारणे, बाईमाणसाला तपासताना पडदा ओढणे, सिस्टर किंवा घरचे माणूस जवळ असणे, जेवढे तपासायचे तेवढेच अंग उघडे करणे, आणि ‘आता नको’ म्हटले तर मुकाट्याने वळणे, हे अभ्यासक्रमातल्या नीतिमत्तेच्या पाठात आहेच. पण विद्यार्थी ते राउंडवर सर किंवा मॅडम स्वतः काय करतात ते पाहून उचलतो. दहा जणांच्या घोळक्यात चादर फर्रकन ओढणाऱ्या शिक्षकाच्या बॅचला त्या पाठाची स्लाइड दाखवून काही होत नाही.

यानंतर केस मांडणे येते. वही वाचून दाखवणे म्हणजे मांडणे नव्हे. ऐकणाऱ्याला तीन मिनिटांत रुग्ण दिसायला हवा, आणि नकारार्थी मुद्द्यांतले तेवढेच सांगायचे ज्यांनी एखादी शंका बाद होते. मांडणी थांबवून शिक्षकाने विचारायचा प्रश्न एकच पुरतो: हात लावण्याआधी काय वाटले होते? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची तपासणी कितीही बिनचूक असो, त्याला पुन्हा खाटेशी पाठवावे.

परीक्षेत मात्र वर्षानुवर्षे उलटे घडते. लाँग केसला विद्यार्थी एकटा हिस्ट्री घेतो, परीक्षक नंतर येऊन निष्कर्ष ऐकतो. विचारले कसे, हे कुणी पाहिलेलेच नसते. डंडीच्या हार्डन यांनी १९७५ साली मांडलेली ओएससीई पद्धत इथे आता रुळली आहे. तिच्यात प्रत्येक टेबलाशी परीक्षक उभा राहून पाहतो, पण पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांत हकिकत मावत नाही. म्हणून पोस्टिंगमध्येच शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याची निदान एक हिस्ट्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून ऐकावी, मध्ये बोलू नये, आणि रुग्णापासून दूर, व्हरांड्यात, लगेच सांगावे: कुठे तोडले, कोणत्या उत्तराचा धागा सोडला, कोणता प्रश्न दोनदा विचारला. मोठ्या बॅचला याला वेळ कुठला, ही तक्रार खरी आहे. त्यावर तोडगा म्हणून काही युनिटांत रेसिडेंट हे काम वाटून घेतात; ज्यांना अजून स्वतःच्या चुका आठवतात, ते बहुधा चांगले ऐकतात.