येते की येतो?

रेडिओचे वेड आमच्या घराण्यातच आहे. जांबोटीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. जूनमध्ये त्याने एकदा बैठक मारली की सप्टेंबरपर्यंत उठायचे नाव नाही. वीज जाते, तिच्यापाठोपाठ मोबाईलची रेंज जाते, आणि मग आज्जांच्या उशाशी असलेला सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. (आजोबांना आम्ही ‘आज्जा’ म्हणतो. कन्नड विभागातील मित्रांना हा शब्द समजावून सांगायला नको!)

आज्जांच्या तरुणपणी रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. त्यांनी तो काढला होता. १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र आणि १९६३ सालचे सांगली केंद्र, ही त्यांची दोन दैवते. एक कन्नड बोलणारे, दुसरे मराठी. निवेदकांपैकी एकालाही त्यांनी कधी पाहिले नाही. पण नुसत्या आवाजावरून “आज बाईला सर्दी झालीया बघ” असे ते सांगत. न पाहिलेल्या माणसाच्या सर्दीची काळजी करणारा हा श्रोता पाहूनच लहानपणी मी ठरवले, की आपणही रेडिओवर बोलायचे.

गेल्या वर्षी तशी संधी आली. एका केंद्रावर नैमित्तिक निवेदकांसाठी आवाजाची चाचणी होती. दिलेला उतारा मी न अडखळता वाचला. बातम्याही बऱ्या वाचल्या. मग समोरून सांगण्यात आले, “आता स्वतःविषयी दोन वाक्ये बोला.” मला हायसे वाटले. मी म्हणाले, “मी मूळची जांबोटीची. शिकायला बेळगावात राहतो. दर रविवारी गावाला जातो, खरं पावसात बस वेळेवर येत नाही.”

काचेपलीकडे हशा पिकला. “राहतो की राहते?” असे कुणीतरी विचारले. ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हेही मला समजावून सांगावे लागले. आमच्या भागात मुली सर्रास ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे सांगायचे धैर्य मात्र झाले नाही. निवड झाली नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

नापास होण्याचे दुःख चार दिवसांत ओसरले. त्यानंतर मी जे केले ते अधिक वाईट होते. मी घरात शुद्ध बोलू लागले. तेवढ्यावर न थांबता इतरांना सुधारू लागले. आज्जा काही सांगू लागले की मध्येच, “आज्जा, ‘खरं’ नव्हे, ‘पण’ म्हणा.” पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा त्यांनी वाक्य बदलून म्हटले. मग हळूहळू माझ्याशी बोलणेच कमी केले. फोन केला की “बरं हाय. आईकडं देतो,” एवढेच. काचेपलीकडच्या माणसांनी मला जे केले, तेच मी आज्जांना करत होते, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात आणून दिले आमच्या इंग्रजीच्या सरांनी. वर्गात विषय निघाला होता बी.बी.सी.चा. तिथे सुरुवातीपासून एका विशिष्ट, सुशिक्षित लंडनकरी उच्चाराचे राज्य होते. उच्चार ठरवायला १९२६ साली एक समितीही नेमली गेली, आणि पुढे तिचे अध्यक्षपद भूषविले ते साक्षात जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी! अशा त्या संस्थेने १९४१ साली, ऐन महायुद्धात, राष्ट्रीय बातम्या वाचायला विल्फ्रेड पिकल्स नावाचा माणूस बसवला. तो यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सचा. बोलणे तिकडच्याच वळणाचे. असा आवाज शत्रूला नक्कल करायला अवघड जाईल, हाही त्यामागे एक हिशेब होता म्हणतात. मध्यरात्रीच्या बातम्या संपवताना तो आपल्या उत्तरेकडच्या लोकांना त्यांच्याच बोलीत शुभरात्री म्हणे. श्रोत्यांची तक्रारींची पत्रे आली, टिंगल झाली. थोड्याच काळात तो बातम्यांपासून दूर झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९४६ मध्ये त्याने ‘हॅव अ गो’ हा कार्यक्रम सुरू केला. गावोगावी जायचे, साध्यासुध्या माणसांना व्यासपीठावर बोलवायचे, त्यांच्याशी गप्पा मारायच्या, सोपे प्रश्न विचारायचे आणि किरकोळ बक्षीस द्यायचे. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालला, आणि लाखो घरांत ऐकला गेला. ज्या बोलीवर लोक हसले होते, तीच ऐकायला ते रेडिओभोवती बसू लागले. समोरचा आपल्यासारखाच बोलतो म्हटल्यावर गिरणीतल्या कामगाराचीही भीड चेपत असणार.

सर पुढे म्हणाले, “विलायतेत कशाला जाता? बेळगावातच पाहा.” पु. ल. देशपांडे काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. पुढे ते आकाशवाणीत गेले, बी.बी.सी.त जाऊन दूरचित्रवाणीचे शिक्षण घेऊन आले. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा पंडित नेहरूंची त्यावरील पहिली मुलाखत घेणारेही तेच. पण बेळगाव त्यांच्या कानातून गेले नाही. ‘गणगोत’मधले रावसाहेब आठवा! कानडी वळणाची, लिंगभेदाची पर्वा न करणारी ती मराठी पु.लं.नी साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली. लोक खूप हसले. पण त्या हसण्यात रावसाहेबांविषयीची माया होती. शॉच्याच ‘पिग्मॅलियन’वरून त्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. १९७५ साली त्यात गावरान बोलणारी मंजुळा उभी केली ती भक्ती बर्वे यांनी, आणि त्या तर मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका! बातम्यांची स्वच्छ भाषा आणि मंजुळेची बोली एकाच जिभेवर सुखाने नांदत होती.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. बातम्या सर्वांना समजाव्यात म्हणून प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे. ती मी शिकते आहे, आणि पुन्हा चाचणीला जाणार आहे. तिथे ‘राहते’ म्हणेन. पण ती शिकताना आपल्या माणसांचे तोंड बंद करायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

संध्याकाळी वसतिगृहातून घरी फोन लावला. सुदैवाने रेंज होती. आज्जा नेहमीप्रमाणे “आईकडं देतो” म्हणणार, एवढ्यात मी घाईने म्हणाले, “आज्जा, रविवारी मी येतो.”

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. नुसता कौलांवरचा पाऊस. मग आवाज आला, “ये गे बाय, ये. खरं छत्री घेऊन ये.”

मग ते धारवाडच्या बाईच्या सर्दीपासून म्हशीच्या रेडकापर्यंत पाऊण तास बोलत राहिले.