आमचे शब्द, त्यांचा पडदा

‘ड्यून’ची तारीफ फार ऐकली होती. दिग्दर्शक डेनी विल्नव यांच्या २०२१ च्या या विज्ञानपटाला २०२२ मध्ये सहा ऑस्कर मिळाले. ईदच्या सुट्टीत भाचीबरोबर तो पाहायला बसलो. वाळवंटातले फ्रेमेन लोक ‘लिसान अल-गैब’ पुकारू लागले तशी भाची ओरडली, ‘‘मामू, ये तो अपनेच लफ्ज हैं!’’

छायाचित्रण, ध्वनी, संगीत यांची ऑस्कर रास्तच आहेत. तक्रार वेगळी आहे. भाषा अरबांची, वाळू जॉर्डनच्या वादी रमची, पण प्रमुख भूमिकांत एकही अरब कलावंत नाही. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या मूळ कादंबरीत ‘जिहाद’ हा शब्द उघडपणे येतो. पडद्यावर त्याचे ‘पवित्र युद्ध’ झाले. वर्गात आम्ही ‘जद्दोजहद’ शिकवतो. त्यातला ‘जहद’ आणि ‘जिहाद’ एकाच अरबी धातूचे. अर्थ, कसून प्रयत्न. कादंबरीत तो रक्तपाताच्या अर्थाने येतो हे खरे, पण शब्द लपवून त्याची बदनामी थोडीच धुतली जाते?

एवढे असूनही चित्रपटाचा लौकिक आम्हाला पोकळ वाटत नाही. कारण पुढे २०२४ च्या दुसऱ्या भागात दिसले. फ्रेमेन ज्या तारणहाराची वाट पाहतात, त्याची भाकिते बाहेरच्यांनी, बेने जेसरिट या बायकांच्या पंथाने, आपल्या सोयीसाठी पूर्वीच पेरून ठेवलेली असतात. पॉल हा परका तरुण ‘मी महदी नाही’ म्हणतो, तर म्हातारा स्टिलगार त्यातही महदीची नम्रता पाहतो. प्रेक्षक इथे हसतात. आम्हाला हसू आले नाही. असे स्टिलगार आमच्याही मोहल्ल्यात आहेत. कुणी प्रश्न विचारला की त्याचे ईमान कच्चे ठरवून मोकळे होतात. त्यांच्या भोळेपणावर कुणाची दुकाने चालतात, हे सांगायला नको.

चानी ही फ्रेमेन मुलगी मात्र शेवटपर्यंत गुडघे टेकत नाही. भाचीने विचारले, ‘‘मामू, चानी गलत है क्या?’’

वर्गात ‘सवाल पूछो’ म्हणणारे आम्ही, घरात क्षणभर अडखळलो. आपाजान पलीकडेच तसबीह घेऊन बसल्या होत्या. मग म्हणालो, ‘‘नहीं बेटा. सवाल करने से ईमान नहीं जाता.’’

आपाजान काही बोलल्या नाहीत. आमच्यापुरता चित्रपट तिथेच वसूल झाला.