भाच्याची गाडी आणि चार इंचांची पट्टी

दिवाळीत दिंद्रुडला आक्काकडे गेलो होतो. दारात दाजींचा ट्रॅक्टर, मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या सावलीत एक लालभडक, बिनटपाची, बुटकी गाडी. भोवती गल्लीतली झाडून सगळी पोरं.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं मिळून ही जुनी गाडी घेतलीय. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं बनवलेली रोडस्टर. फायबरचं अंग, आत इसुझूचं १८०० सीसी इंजिन. (तेच घराणं, जे नंतरच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये असायचं.) हिचं मूळ विलायतेत. कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची गाडी काढली. नको ते सगळं काढून टाका, गाडी हलकी करा, मग छोटं इंजिनही पळतं, असा त्याचा हिशेब. तिच्याच वळणाची ही गाडी. बसलं की रस्ता हाताला लागेल असं वाटतं.

पण भाच्याला गाडीपेक्षा तिला लावलेल्या वस्तूंचं कौतुक जास्त. नाकाखाली ओठासारखी एक पट्टी, शेपटावर चार फूट लांब आणि चार इंच रुंद स्पॉयलर, आणि सीटच्या मागे शार्कच्या पंखासारख्या तुकड्यांची एक रांग. सगळं मिळून बावीस हजार.

"मामा, ह्याच्यानं गाडी रोडला चिकटून बसती," तो म्हणाला.

मी हसलो आणि चहा प्यायलो. डिप्लोमाच्या पोरांना इतकी वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतोय, पण सणासुदीला कशाला कुणाचा हिरमोड करा!

त्याच रात्री तो तेलगावला मित्राला सोडायला गेला. ऊसतोडीचे दिवस. परत येताना अंधारात रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली उभी. टायर फुटलेला, मागे दिवा नाही, फक्त चार दगड लावलेले. ह्यानं शेवटच्या क्षणी स्टिअरिंग मारलं आणि निसटला. सकाळी ओट्यावर बसून तो हे रंगवून सांगत होता. "ऐंशीला होतो. पण स्पॉयलरमुळं गाडी जागची हलली नाही बघा!"

आक्का काहीच बोलली नाही. भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. दाजी मात्र माझ्याकडे वळले. "पाव्हणं, खरंच असं असतं का हो?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. पट्टीनं वाचवलं असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं असतं, तर पुढच्या वेळी तो शंभरनं आला असता.

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. त्याच्या स्पॉयलरचं क्षेत्रफळ साधारण ०.१२ चौरस मीटर. हवा अगदी स्वच्छ, सरळ येतेय असं धरलं आणि माप थोडं उदारच लावलं, तरी ६० च्या वेगाला ती पट्टी गाडीला खाली दाबते सुमारे १ किलोनं. ८० ला जेमतेम पावणेदोन किलो. १२० ला ४ किलो. १८० ला ९ किलो.

"म्हणजे काल रात्री तुला जे दाबून धरत होतं ना," मी म्हटलं, "ते दोन पाण्याच्या बाटल्यांएवढंसुद्धा नव्हतं."

त्याचा चेहरा उतरला. पण पोरगं हुशार आहे. म्हणाला, "मग कंपन्या कशाला लावतात? त्यांना अक्कल नाही?"

प्रश्न रास्त होता. कंपन्यांना अक्कल आहे, आणि छोट्या पट्टीनं मोठा फरक पडल्याची उदाहरणंही आहेत. १९७१ मध्ये डॅन गर्नीनं रेसच्या गाडीच्या पंखाला मागच्या काठावर एक छोटीशी पट्टी काटकोनात उभी लावली, आणि गाडी वळणावर जास्त घट्ट बसू लागली. ती पट्टी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. ऑडी टीटीचं उदाहरण तर जास्तच बोलकं. गाडी १९९८ मध्ये आली, दिसायला देखणी, मागून गुळगुळीत गोल. जर्मनीच्या महामार्गांवर भरधाव वेगात तिची मागची बाजू हलकी पडायची. अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावून मागे एक छोटा स्पॉयलर बसवला. पण त्याच्या जोडीला सस्पेन्शन बदललं आणि गाडी घसरू लागली तर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही दिली. नुसत्या पट्टीवर त्यांनीही भरवसा ठेवला नाही. आणि तो वेग होता आपल्याकडच्या दुपटीहून जास्त.

भाच्याच्या बाजूचा अजून एक मुद्दा मीच त्याला दिला. गाडी हलकी असेल तर तेच चार-नऊ किलो तिच्या वजनाच्या मानानं जास्त भरतात. म्हणून ट्रॅकवर पळणारे लोक हलक्या गाडीला पंख लावतात ते वेडे नाहीत. फक्त त्यांचा रस्ता वेगळा आहे.

"पण मामा, हिशेब कागदावरचा. गाडीवर बघू की!"

हे मला आवडलं. आक्काच्या पेटीतून स्वेटरची उरलेली लोकर काढली. वीतभर लांबीचे तुकडे करून सेलोटेपनं गाडीभर चिकटवले, नाकावर, बाजूला, शेपटावर. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता रिकामा असताना, पुढे भाचा लाल गाडीत, मागे दाजी बोलेरोत, आणि दाजींच्या शेजारी मी मोबाइलवर शूटिंग करतोय. गावातल्या लोकांना वाटलं असेल, ह्यांची गाडी नवस फेडायला चाललीय :)

घरी येऊन बघितलं. नाकावरची लोकर सरळ मागे, केस विंचरल्यासारखी. बाजूची जरा थरथरणारी. आणि शेपटावरची? ती गोल गोल फिरत होती. काही तुकडे तर चक्क पुढे, सीटकडे तोंड करून उभे!

उघड्या गाडीची गोम इथंच आहे. हवा काचेवरून उडते आणि टप नसल्यामुळे माणसांच्या मागच्या पोकळीत कोसळून घुसळत राहते. म्हणून उघड्या गाडीत वारा समोरून कमी आणि मानेवर मागून जास्त लागतो. भाच्याचा स्पॉयलर नेमका त्या घुसळणीत बसलेला. म्हणजे माझे पावणेदोन किलोही जास्तीचेच. शार्कच्या पंखांचं तर विचारूच नका. मित्सुबिशीनं लान्सर इव्होल्यूशनवर तसे तुकडे लावून २००४ मध्ये मोजमाप छापलं होतं. टपाच्या मागच्या काठावर लावले तर हवेचा अडथळा मोजणारा आकडा ०.००६ नं कमी झाला. टपाच्या काठावर! आपल्या गाडीला टपच नाही.

सेव्हनच्या वळणाच्या गाडीचा तो आकडा ०.६ च्या पुढेच असतो. साध्या सेडानच्या दुपटीएवढा. गाडी हलकी, पण वाऱ्यात उघडी छत्री धरून पळणारी. ६० ला हवा कापायला तिला साधारण ४ हॉर्सपॉवर लागतात, १२० ला ३०. शेल्बीच्या कोब्रा गाडीचं असंच झालं. ल मान्सच्या लांबलचक सरळ रस्त्यावर उघडी कोब्रा मागे पडायची. शेवटी पीटर ब्रॉकनं तिला टप असलेलं नवं अंग दिलं आणि १९६४ मध्ये त्या गाडीनं तिथं आपला गट जिंकला. पट्टी लावून भागलं नाही, अंगच बदलावं लागलं.

मग आम्ही अजून एक केलं. ६० वर न्यूट्रल करून गाडी ३० पर्यंत किती सेकंदात येते ते मोजलं. पट्ट्यांसह तीनदा, पट्ट्या काढून तीनदा, दोन्ही दिशांनी. पट्टीमुळे पडलेला फरक शोधूनही सापडला नाही. त्याच्यापेक्षा जास्त फरक तर वाऱ्याच्या झुळकीनं पडत होता.

एक जोड मात्र कामाला आली. दाजींकडे रोपवाटिकेचं हिरवं शेडनेट पडलं होतं. त्याचा तुकडा सीटच्या मागच्या लोखंडी दांड्यांना ताणून बांधला. मानेवरचा वारा निम्म्यावर आला, आणि आक्का पहिल्यांदाच डोक्यावरचा पदर न धरता माजलगावपर्यंत बसून आली. मर्सिडीजनं १९८९ च्या एसएल गाडीला अशीच जाळी दिली होती. आमची फुकट.

पण खरी गोष्ट पट्ट्या काढताना दिसली. मी खाली वाकलो होतो, टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१४. म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, गाडी फार पळालीच नव्हती. पण रबर नखानं दाबलं तर लाकडासारखं. त्या रात्री गाडीला रस्त्याला धरून ठेवलं असेल तर ह्याच टायरांनी, आणि तेही नशिबानं. त्यांच्यावर एक रुपया खर्च झालेला नव्हता.

मी काही बोललो नाही. त्यानंच आकडे वाचले, दोनदा, आणि तिथंच जमिनीवर बसला.

पुण्याला जाताना गाडी दारातच ठेवून एसटीनं गेला. पुढच्या महिन्यात नवे टायर घेऊन आला. शार्कचे पंख काढलेत. स्पॉयलर ठेवलाय. "दिसतो भारी, मामा, राहू द्या." राहू दे की! दिसण्यासाठी लावलाय हे कबूल असेल तर माझी काही तक्रार नाही.

येताना माजलगावहून त्यानं लाल रेडियमची रिळं आणली होती. दाजींच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागून लावलं. उरलेलं गल्लीतल्या बाकीच्या ट्रॉल्यांना. संध्याकाळी बोलेरोच्या उजेडात सगळ्या ट्रॉल्या लांबूनच चमकल्या.

"आता हळू चालवतो का रे तो?" आक्कानं परवा फोनवर विचारलं.

"विचारतो," म्हटलं. पण ती त्याची आई आहे. माझ्याआधी तिनंच विचारलं असणार.