घडीचा चाकू आणि विश्वासाचा प्रश्न

१/
घडीचा चाकू म्हणजे मुळात मधोमध दुभंगलेला चाकू. तो दुभंग कुणा कारागिराने कौशल्याने सांधलेला असतो, इतकेच. ‘टॅक्टिकल’ म्हणवल्या जाणाऱ्या चाकूंत सर्वांत उत्तम आणि भरवशाचा कोणता, हा शौकिनांचा वाद बहुधा पोलादापासून सुरू होतो. त्याचे उत्तर मात्र पात्यापेक्षा त्या सांध्यात अधिक दडलेले आहे. हा त्या सांध्याचा इतिहास, आणि त्यापायी गजाआड गेलेल्या माणसांचाही.

२/
कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ते ५०० या काळातला मानला जातो. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक रोमन अवजार आहे. त्यात चमचा, काटा, सुळा आणि पाते एकाच चांदीच्या मुठीत मिटतात. प्रवाशाला धार जवळ हवी होती, पण उघडी धार नको होती. खिशातला चाकू या दुहेरी गरजेतून जन्मला.

३/
मिटणारे पाते एक नवा धोका घेऊन आले. विळी किंवा सुरी आपल्या धारेने कापते. घडीचा चाकू स्वतःच्या हालचालीनेही कापतो. टोक लाकडात रुतले, हात पुढे घसरला, की पाते बोटांवर मिटते. पाठीवरच्या स्प्रिंगने पाते ताणून धरण्याची युक्ती इंग्लंडच्या शेफील्डमधील कारागिरांनी रूढ केली. पण ती स्प्रिंग पात्याला अडवत नाही, फक्त परावृत्त करते. जोर वाढला की तीही हार मानते.

४/
स्पेनमधील ‘नावाखा’ या लांब चाकूने पुढचे पाऊल टाकले. आल्बासेते हे शहर या चाकूंसाठी आजही प्रसिद्ध आहे. त्याच्या पात्याच्या बुडाला दाते असत. उघडताना एकेक दाता स्प्रिंगच्या खाचेत बसे आणि करकर आवाज होई. मूळ प्रयोजन पाते जागेवर ठेवण्याचे होते. आवाज हा उपपरिणाम. पण लोकांच्या लक्षात राहिला तो आवाजच, कारण समोरच्याच्या मनात भीती तोच उभी करी.

५/
१८९० मध्ये फ्रान्सच्या सावोआ प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू घडवला. लाकडी मूठ, एक पाते, एक खिळा आणि खिळ्याभोवती धातूचे कडे. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्यावर फिरणारी कडी बसवली. कडी वळवली की पात्याची परतीची वाट बंद. एकूण भाग मोजायला एका हाताची बोटे पुरतात. दोष एकच : लाकूड दमट हवेत फुगते. कोकणातल्या पावसाळ्यात ओपिनेल उघडायला दोन्ही हात आणि थोडा संयम लागेल.

६/
अमेरिकेत या विषयाला वळण मिळाले १९६४ मध्ये. कॅलिफोर्नियातील बक कंपनीने ‘११० फोल्डिंग हंटर’ बाजारात आणला. पितळेची टोके, लाकडी मूठ आणि पाठीवर आडवी दांडी. पाते पूर्ण उघडले की दांडीचा आकडा पात्याच्या बुडातील खाचेत ‘खट्’ करून बसतो. मागचे टोक दाबल्याशिवाय सुटत नाही. कमरेची म्यानबंद सुरी वापरणारे शिकारी हा घडीचा चाकू वापरू लागले. दोष होता तो वजनाचा, आणि उघडायला दोन्ही हात लागण्याचा.

७/
दोन हात का? एका हाताने, बटण दाबताच उघडणारे चाकू तर आधीपासून होते. उत्तर कायद्यात आहे. १९५० मध्ये एका अमेरिकी महिला मासिकात खटक्याच्या चाकूवर ‘द टॉय दॅट किल्स’ हा लेख आला आणि शहरी टोळ्यांची भीती मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचली. चित्रपटांनी ती वाढवली. १९५८ मध्ये खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घालणारा संघीय कायदा झाला.

८/
त्या काळाची साक्ष ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) या चित्रपटात आहे. बासू चॅटर्जी यांच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे (१९८६) ती कथा आपल्याकडेही परिचित झाली. एका मुलाचा जीव एका चाकूवर टांगलेला असतो. तो चाकू अगदी दुर्मीळ, म्हणून गुन्हेगार तोच, हा युक्तिवाद तसाच दुसरा चाकू टेबलावर येताच कोसळतो. वस्तूवरून माणसाचा निवाडा करणे किती सोपे आणि किती धोक्याचे, हे त्या एका प्रसंगात कळते.

९/
कायद्याने स्प्रिंगला बंदी केली, अंगठ्याला नव्हे. १९८१ मध्ये कोलोरॅडोतील साल ग्लेसर यांच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ नावाचा चाकू काढला. पात्याला गोल भोक, मुठीला खिशाच्या काठावर अडकणारी क्लिप. भोकात अंगठा घालून ढकलले की पाते एका हाताने उघडते. दुसऱ्या हाताने दोर, शिडी किंवा जखमी माणूस धरून ठेवलेल्याला ही सोय किती मोठी, हे सांगायला नको. चाकूचे नाव ‘कामगार’ होते, हेही विसरू नये.

१०/
याच सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने मुठीतील अस्तराच्या पत्र्यालाच लॉक बनवले. पाते उघडताच पत्रा लवून त्याच्या बुडामागे उभा राहतो. मूळ कल्पनेचे पेटंट १९०६ चे, आणि अमेरिकी लष्कराच्या वायरमनांच्या चाकूत ती वापरातही होती. वॉकर यांनी तिला नेमकेपणा दिला. रचना हलकी आणि स्वस्त. पण मूठ पिळली गेली तर पत्रा सरकू शकतो, आणि चाकू मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो.

११/
दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस रीव्ह यांनी १९८७ मध्ये ‘सेबेन्झा’ घडवला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काम’. त्यांनी पातळ अस्तर काढून टाकले आणि टायटॅनियमच्या जाड मुठीचाच एक भाग कापून त्याचे लॉक केले. येथे पकड जितकी घट्ट, तितके लॉक पक्के. शिवाय मालकाला तो स्वतः खोलून, पुसून, पुन्हा जोडता येतो. किंमत मात्र अशी की अनेकांचा सेबेन्झा कामावर जातच नाही, कपाटात राहतो.

१२/
‘टॅक्टिकल’ हे विशेषण रुळले १९९० च्या दशकात. अर्नेस्ट एमर्सन यांचे चाकू अमेरिकी नौदलाच्या विशेष पथकांतील सैनिकांनी पसंत केले आणि काळे पाते, खडबडीत मूठ यांची लाट आली. एमर्सन यांच्या पात्यावरील आकडा मुळात प्रतिस्पर्ध्याचे पाते अडवण्यासाठी होता. तो खिशाच्या काठाला अडकला की चाकू आपोआप उघडतो, हे नंतर ध्यानात आले. शब्द रणांगणाचा, ग्राहक बहुतांशी कार्यालयातला. खोकी फोडणारा हात सैनिकी चाकू मागू लागला.

१३/
१९९८ मध्ये बेंचमेड कंपनीने ‘ॲक्सिस’ लॉक आणले. पोलादाची छोटी आडवी दांडी दोन बारीक स्प्रिंगांच्या जोरावर पात्याच्या बुडावर बसते. डावा हात असो वा उजवा, बोटे धारेपासून दूर राहतात. त्या बारीक स्प्रिंगा कधी मोडतात, हा आक्षेप खरा. एक मोडली तरी दुसरी काम निभावते, हे उत्तरही खरे. पुढे अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टीलसाठी ‘ट्राय-ॲड’ लॉक रचले. बकच्या जुन्या दांडीत त्यांनी एक आडवा खिळा घातला. धक्का आता खाचेऐवजी खिळ्यावर जातो. निव्वळ भार सोसण्यात याला तोड मिळणे कठीण.

१४/
यावरून पेटलेला वाद म्हणजे पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासण्याचा. एक पक्ष म्हणतो, जे लॉक आपटल्यावर सुटते त्यावर बोटे सोपवू नयेत. दुसरा म्हणतो, चाकू कापण्यासाठी असतो, पाठीने ठोकण्यासाठी नव्हे. अशा तपासणीत चांगले लॉकही बिघडते. दोघेही आपल्या जागी बरोबर आहेत. पहिला अपघाताचा विचार करतो, दुसरा वापराचा. भरवसा या शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांशी भांडतात.

१५/
पोलादाचेही असेच. २००१ मध्ये क्रूसिबल कंपनीने ख्रिस रीव्ह यांच्या सल्ल्याने चाकूंसाठी ‘एस३०व्ही’ हे भुकटीपासून घडवलेले पोलाद आणले. धार दीर्घकाळ टिकते. पण बोथट झाली की साध्या दगडावर लावायला वेळ लागतो. बकचे साधे ‘४२०एचसी’ लवकर बोथट होते आणि लवकर धारेवर येते. कडकपणा, चिवटपणा आणि गंजरोध ही तिन्ही एकत्र पूर्णपणे कधीच मिळत नाहीत. पोलाद निवडणे म्हणजे कोणता दोष चालेल ते ठरवणे.

१६/
आता या कथेची काळी बाजू. न्यूयॉर्क राज्यात १९५० च्या दशकातला ‘ग्रॅव्हिटी नाइफ’विरोधी कायदा होता. मनगटाच्या झटक्याने पाते उघडते का, हे पोलीस तपासत. उघडले की गुन्हा. चांगला सांधा गुळगुळीत असतो, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात उघड विकला जाणारा साधा चाकूही एखाद्या सरावलेल्या मनगटात बेकायदा ठरे. हजारो लोक पकडले गेले. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो माणसांचे प्रमाण मोठे होते, आणि चाकू कामासाठी बाळगणारे कष्टकरी कितीतरी होते. कायदा रद्द झाला २०१९ मध्ये.

१७/
ब्रिटनमधील विसंगती आणखी सूक्ष्म आहे. १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. पण लॉक असलेला चाकू न्यायालयांनी या सवलतीबाहेर ठेवला. म्हणजे वापरणाऱ्याच्या बोटांना जो भाग वाचवतो, तोच कायद्याच्या डोळ्यांना खुपतो. कारागिराने ज्याला सुरक्षा म्हटले, त्याला न्यायालयाने संशयाचे कारण मानले. रस्त्यावरच्या हल्ल्यांनी होरपळलेल्या समाजाची भीती खोटी नाही. पण तिची किंमत कोणाच्या बोटांनी मोजायची, हा प्रश्न उरतो.

१८/
आपल्याकडे हीच गत रामपुरीची झाली. उत्तर प्रदेशातील रामपूर संस्थानात नवाबांच्या काळात बहरलेली ही कारागिरी. मुंबईच्या गुन्हेगारी जगाने आणि हिंदी पडद्याने तिला बदनामी आणि कीर्ती एकाच वेळी दिली. पुढे पात्याच्या लांबीवर निर्बंध आले आणि चाकू बाजारातील दुकाने एकेक करून मिटत गेली. २०२३ मध्ये त्याच शहरात चौकात सुमारे २० फुटांचा रामपुरी स्मारक म्हणून उभारला गेला. हात रिकामे झाल्यावर हस्तकलेचा पुतळा उभा राहिला.

१९/
भारतीय शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगाची पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे नियमाने लांबीबरोबर हेतूही विचारला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश वृत्तपत्रांत नेहमी दिसतात. त्यांत तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर चाकूही असतो. अशा काळात खिशातला ‘सर्वोत्तम’ चाकू मालकाला चौकीपर्यंत नेऊ शकतो. भरवशाची ही बाजू कोणत्याही तपासणीच्या टेबलावर मोजली जात नाही.

२०/
मग निवाडा काय? केवळ भार सोसण्यात ट्राय-ॲड. दोन्ही हातांच्या सोयीत आणि बोटांच्या सुरक्षेत ॲक्सिस. दुरुस्ती आणि दीर्घायुष्यात सेबेन्झा. साधेपणात आणि किमतीत ओपिनेल. आणि खरोखर जीव पणाला लागणार असेल तर यांपैकी एकही नव्हे. अमेरिकी मरीन सैनिकांना दुसऱ्या महायुद्धात दिलेला का-बार हा अखंड पात्याचा, म्यानातला चाकू होता. ज्याला सांधा नाही, त्याचा सांधा निखळत नाही. घडीच्या चाकूने रणांगणाची भाषा उसनी घेतली. त्याचे खरे घर कामाच्या कपड्यांचा खिसा हेच राहिले.

२१/
म्हणून ‘वर्कर’ आणि ‘सेबेन्झा’ ही दोन नावे या साऱ्या इतिहासात अधिक प्रामाणिक वाटतात. दोन खंडांतल्या दोन कारागिरांनी आपल्या चाकूला शौर्याचे नाव न देता कामाचे दिले. त्यांच्या लेखी चाकूचा मालक योद्धा नव्हता. संध्याकाळी दहाही बोटे शाबूत घेऊन घरी परतणारा माणूस होता. घडीच्या चाकूचा भरवसा तोलायचा, तर याच तराजूत.