घरात कुत्रा आणण्यापूर्वी



मोर्चे, निवेदने, शिष्यवृत्ती, जात पडताळणी या विषयांवर आम्ही नेहमीच लिहितो. पण कुटुंबाच्या पानावर घरातल्या गोष्टीही बोलल्या पाहिजेत. आजचा विषय आहे कुत्रा पाळण्याचा. वाचून हसू नका. हा विषय आमच्या घरात दोनदा निघाला. पहिल्यांदा आम्ही कोणालाच विचारले नाही, दुसऱ्यांदा सर्वांना विचारले. त्यात जो फरक पडला तोच येथे सांगावयाचा आहे.

गेल्या वर्षी वर्षावास सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आम्ही कार्यालयातून विक्रोळीला घरी परतलो तर आठवीतली आमची मुलगी दारातच उभी. तिच्या दप्तरात ओलेचिंब पिल्लू! "पप्पा, पाण्याच्या टाकीखाली होतं. एकटंच रडत होतं. आपण ठेवूया ना!" आमच्या मातोश्री खाटेवरूनच म्हणाल्या, "आधी पुसा त्याला, मग काय ते ठरवा." आमच्या पत्नी मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत ते आम्हास ठाऊक होते.

त्यासाठी २०१४ सालाकडे जावे लागेल. मुलाचा पाचवा वाढदिवस होता. मुलगी तेव्हा कडेवर होती. एका ओळखीच्या गृहस्थांकडे पॉमेरेनियन कुत्रीला पिल्ले झाली होती. त्यांनी देऊ केले आणि आम्ही घरात कोणाला न विचारता एक पिल्लू पिशवीत घालून आणले. मुलाचा आनंद पाहून आम्हालाच मोठे काही केल्यासारखे वाटले. पिल्लाचे नाव ठेवले मोती.

आनंद पंधरा दिवस टिकला. आम्ही सकाळी आठ वीसची लोकल पकडणार आणि सातला परतणार. त्यानंतर मंडळाच्या बैठका. पत्नी पॅकिंगच्या कामाला जाणार. घरी मातोश्री आणि लहान मुलगी. मग मोतीला दिवसभर मोरीजवळ बांधून ठेवावे लागे. बांधलेले पिल्लू भुंकणार नाही तर काय करणार? शेजारी रात्रपाळी करून झोपलेले असत. त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. पहाटे पाचला उठून मोतीची घाण काढायची, त्याला भात कालवायचा आणि मग स्वतःचा डबा भरून कामाला पळायचे, हे सारे पत्नीच्या अंगावर पडले. एके दिवशी त्याच्या लघवीवरून मातोश्रींचा पाय घसरला आणि मनगट मोडले. हाताला प्लॅस्टर चढले.

त्याच रविवारी आम्ही मोतीला भिवंडीला एका परिचिताच्या गोदामात नेऊन सोडले. "जागा मोठी आहे, राखण करील," असे मनाला समजावले. वीतभर पॉमेरेनियन कसली राखण करणार! दोन महिन्यांनी पाहावयास गेलो तर मोती नव्हता. "पळाला कुठेतरी," असे उत्तर मिळाले. संध्याकाळपर्यंत गोदामांच्या गल्ल्यांतून आणि चहाच्या टपऱ्यांवर विचारत फिरलो. सापडला नाही. घरी येऊन मुलाला सांगितले, "मोती मजेत आहे." त्याच महिन्यात एका कार्यक्रमात आम्ही करुणेवर अर्धा तास बोललो होतो. टाळ्याही मिळाल्या होत्या.

म्हणून गेल्या वर्षी ते पिल्लू पाहताच आम्ही ठरविले की या वेळी सर्वांना घेऊन बसायचे. जेवणे झाल्यावर सतरंजी अंथरली. अकरावीतला आमचा मुलगा पहिलाच प्रश्न विचारता झाला, "पप्पा, मोतीचं खरं काय झालं, ते आता तरी सांगा." आम्ही सांगितले. घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तोच म्हणाला, "म्हणजे या वेळी आधी हिशेब करू."

आम्ही बी. कॉम. झालेले. जमा आणि नावे या दोन रकाऱ्यांशिवाय आम्हास सुचत नाही. वहीचे पान घेतले आणि एकेक बाब लिहीत गेलो.

पहिली बाब वेळेची. कुत्रा साधारण दहा ते चौदा वर्षे जगतो. आज आठवीत असलेली मुलगी तोवर नोकरीला किंवा सासरी गेलेली असेल. दिवसातून किमान दोनदा त्याला बाहेर फिरवून आणावे लागते, पावसातही आणि परीक्षेच्या दिवशीही. लहान पिल्लाला तर दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, तेव्हा कुठे त्याला सवय लागते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत हे कोण करणार? रकान्यात फक्त मातोश्रींचे नाव आले. वय ७२, गुडघे दुखतात.

दुसरी बाब पैशाची. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांच्या लसी सुरू होतात, त्यांचे पुढचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि ती पुढे नियमित देत राहावी लागते. जंताचे औषध वेगळे. मुंबईत पाळीव कुत्र्याचा महापालिकेकडून परवानाही घ्यावा लागतो. परळचे बैलघोडा हॉस्पिटल आपल्या ओळखीचे आहे खरे, पण आजारी कुत्र्याला घेऊन विक्रोळीहून तेथे जायचे म्हणजे एक रजा आणि टॅक्सीचे भाडे आलेच. आणि ज्यांना वाटते की घरातले उरलेसुरले घातले की झाले, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : कांदा, लसूण, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला बाधते. आपल्या कालवणात कांदा-लसूण नाही असा दिवस कोणता? मटणाची शिजलेली हाडेही देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या होऊन आतडे फाटू शकते.

तिसरी बाब जागेची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यात दार बंद करून त्याला कोंडले तर जिवावर बेतते. हल्ली काही तरुण बर्फाळ मुलखातला, दाट केसांचा हस्की हौसेने आणतात. फोटो छान येतो, पण त्या मुक्या जिवाचे हाल होतात. आपल्या हवेला आपला गावठी कुत्राच बरा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पण रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडू नये, ही जबाबदारी कायद्याने नाही तरी शेजारधर्माने आपलीच असते.

चौथी बाब जिवाची. कुत्रा पाळीव असो वा रस्त्यावरचा, चावला किंवा दाताचा ओरखडा उठला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील तितके डोस पुरे करावेत. दोन डोसांनंतर "आता बरं आहे" म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. आणि लहान मुलांना कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, तो कितीही गरीब असला तरी.

पान भरत आले तेव्हा मातोश्री बोलल्या. "आमच्या वेळी गावात पाटलाचं कुत्रं ओसरीवर चढायचं आणि आपल्या माणसांनी अंगणाबाहेर उभं राहायचं. म्हणून मला कुत्र्याचे लाड बघवत नाहीत. पण त्यात कुत्र्याचा काय दोष?" आम्ही त्यांना राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र दाखविले. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. मातोश्रींनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बाबांकडे राजगृह होतं. तुझ्याकडे दोन खोल्या आहेत." यावर आम्ही काय बोलणार?

शेवटी आम्ही पत्नीकडे वळलो. त्या म्हणाल्या, "मला कुत्रा नको असं नाही. मोतीची आठवण मलाही येते, पहाटे माझ्याच पायांत तो घुटमळायचा. पण तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं." वाचकहो, दहा वर्षे हे वाक्य आमच्याच घरात होते आणि आम्हास ते ऐकू आले नव्हते.

मुलीने वही पुढे ओढली. वेळेच्या रकान्याकडे पाहत राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "आत्ता नको. पण त्याला परत टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि तिचा भाऊ पिल्लाला घेऊन टाकीकडे गेले. पाऊस ओसरला होता. त्याची आई तेथेच दुसऱ्या दोन पिल्लांना घेऊन बसली होती. आदल्या दिवशी पाणी भरले म्हणून ती त्यांना वरच्या कोरड्या जागेत नेत होती. आम्ही मात्र ते अनाथ समजून उचलून आणले होते. आठ आठवड्यांचे होईपर्यंत पिल्लाला आईपासून तोडू नये, हे आम्हालाही तेव्हाच कळले.

पुढचे काम मुलांनी अंगावर घेतले. वस्तीतल्या पोरांनी आडोसा केला, पाण्याचे भांडे ठेवले. पिल्ले मोठी झाल्यावर संबंधितांना कळवून कुत्रीचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेतले. २०२३ च्या नियमांतही रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी हीच सोय सांगितली आहे. आज तिच्या कानाला छोटासा काप आहे. शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण.

आणि ते दप्तरातले पिल्लू? तळमजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. दोघेच नवरा-बायको, दिवसभर घरी, पुढे थोडी मोकळी जागा. ते म्हणाले, "आम्ही घेतो." आमची मुलगी वही घेऊन त्यांच्या घरी गेली. तिने चारही बाबी विचारल्या आणि शेवटी काकूंना वेगळे विचारले, "काकू, तुम्हाला चालेल ना?" काकू हसून हो म्हणाल्या, तेव्हाच पिल्लू त्यांच्या घरी गेले. संध्याकाळी त्याला फिरवायला आमची मुलगी जाते.

तात्पर्य हे की, कुत्रा कोणता घ्यावा हा प्रश्न नंतरचा. आपले घर त्याच्या लायक आहे का, हा प्रश्न पहिला. घरात कोण किती तास असते, महिन्याचा खर्च झेपेल का, जागा आणि शेजार कसा आहे, आपण गावी गेलो तर त्याला कोण बघणार, हे कागदावर लिहा. ज्यांच्या हातून ते काम होणार त्या माउलीला सर्वांत आधी विचारा. उत्तर "नाही" आले तर त्यात कमीपणा नाही. पाळलेले जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण त्याहून मोठी बोच आपल्याच मनाला लागते. ती आम्हास लागली आहे. आपणांस लागू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जयभीम.