चौकट कुणी कोरली?

मुखेडच्या आमच्या घराची चौकट आम्ही १८ हजारांना विकली. सागवानी होती. वर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना वेल. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, इतरांची कामं सांभाळत ती दोन वर्षं कोरली होती. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हापासून आईला माळवदाखाली नीट झोप लागत नव्हती. स्लॅब टाकायचा होता आणि पैसे कमी पडत होते. टेम्पोत चढवताना व्यापाऱ्यानं विचारलं, "कुणाच्या हातचं काम?"

अण्णा म्हणाले, "जुनं हाय."

मी शेजारीच उभा होतो. मीही गप्प बसलो.

पुढे पुण्यात नोकरीला लागलो. एका रात्री मोबाईलवर न्यूयॉर्कच्या एका घराचा फोटो दिसला. विटांच्या भिंतीतून बाहेर आलेली सागवानी खिडकी, सगळी नक्षीनं भरलेली. आमची चौकटच आठवली. शोधत गेलो. ते घर लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन चित्रकाराचं. १८८१मध्ये तो भारतात आला आणि अहमदाबादच्या मगनभाई हठीसिंग यांच्यासोबत त्यानं कोरीवकामाचा कारखाना सुरू केला. तिथल्या सुतारांनी कोरलेलं लाकूड जहाजानं अमेरिकेला जायचं आणि श्रीमंतांचे दिवाणखाने सजायचे.

त्याच शतकात आपल्या मुंबईतही शिसवाच्या खुर्च्या, सोफे, मेजं कोरली जात होती. आकार विलायती, त्यावर पानाफुलांची दाट जाळी. आज लिलावात ती 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ओळखली जातात.

म्हणजे एका नक्षीला मालकाचं नाव मिळालं, दुसरीला शहराचं आणि लाकडाचं. ज्यांनी पटाशी धरली, त्यांची नावं मला कुठंच सापडली नाहीत. मला राग आला. मग टेम्पो आठवला. आमच्या चौकटीवरचं नाव तर आम्ही घरच्यांनीच पुसलं होतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा अण्णांना तो फोटो दाखवला. चष्मा वर करून, बोटांनी फोटो मोठा करत ते बराच वेळ बघत राहिले. "हे एकट्याचं काम नाही. चार-पाच हात असतील," म्हणाले. अमेरिकेचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना त्या हातांचंच पडलं होतं.

"अण्णा, त्या दिवशी आबांचं नाव का नाही सांगितलं?"

"त्यांची वस्तू विकायलो होतो रे. नाव कोणत्या तोंडानं घ्यावं?"

अण्णा आता प्लायची कपाटं करतात. त्या दिवशी एक तयार होऊन भिंतीला टेकलं होतं. मी कानामागची पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "मागच्या बाजूला लिहा."

"कोण बघणार हाय?" ते हसले. मग वाकून त्यांनी आधी आबांचं नाव लिहिलं, त्याखाली स्वतःचं, त्याखाली मुखेड.